निवडणुकीत उतरल्याने जहाल धार्मिक चळवळी मवाळ होतात का?

कोयनाकाठ (कराड)

कराडमध्ये आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोघे आणि एक निवृत्त तलाठी असा आमचा गट आहे. गेल्या रविवारचा विषय अर्धवट राहिला, म्हणून तो येथे मांडतो.

राज्यशास्त्रात एक जुना युक्तिवाद आहे. जहाल धार्मिक चळवळीला निवडणुकीच्या राजकारणात येऊ दिले, की मते मिळवण्यासाठी, आघाड्या करण्यासाठी आणि कारभार चालवण्यासाठी तिला आपली टोके घासावी लागतात आणि ती हळूहळू मवाळ होते, असे तो सांगतो. आमच्या तलाठी काकांनी हे एका वाक्यात उरकले : “खुर्चीवर बसला की माणसाला सातबारा वाचावा लागतो.” त्यावर आमच्यातली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सातबारा वाचणारा माणूस तो आपल्या नावावर करूनही घेऊ शकतो, त्याचे काय?” तिथेच वाद अडला.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा मवाळपणा वागण्यातला असतो की विचारातला, आणि ज्या ठिकाणी तो घडला तिथे तो निवडणुकीमुळेच घडला असे ठामपणे म्हणता येते का? कृपया केवळ मत देऊ नये, उदाहरणांसह लिहावे.

यवतेश्वर (सातारा)

मी महाविद्यालयात तीस वर्षे हा विषय शिकवला, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

हा युक्तिवाद मुळात धार्मिक चळवळींसाठी तयार झालेला नाही. रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये जर्मनीच्या समाजवादी पक्षाकडे पाहून असे दाखवले, की क्रांतीची भाषा बोलणारा पक्ष एकदा कार्यालये, पगारी सेवक, वर्तमानपत्रे आणि निवडून आलेले प्रतिनिधी बाळगू लागला, की क्रांतीपेक्षा पक्ष टिकवणे हेच त्याचे खरे काम होऊन बसते. धार्मिक पक्षांना हे माप पुढे लावले गेले, आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी पडलेले उदाहरण युरोपातील कॅथलिक पक्षांचे आहे.

त्यातले बेल्जियमचे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे १८८४ मध्ये कॅथलिक पक्ष बहुमताने सत्तेवर आला आणि १९१४ पर्यंत त्याने एकहाती राज्य केले. १८३१ च्या उदारमतवादी राज्यघटनेवर आग पाखडणारे कट्टर कॅथलिक तिथे कमी नव्हते, आणि विरोधकांना धर्मसत्ता येण्याची खरीखुरी भीती वाटत होती. प्रत्यक्षात त्या पक्षाने शाळांचा कायदा आपल्या बाजूने फिरवून घेतला, पण घटनेतील नागरी स्वातंत्र्यांना हात लावला नाही. स्टॅथिस कॅलिव्हास या ग्रीक अभ्यासकाने याची तुलना अल्जीरियाशी केली आहे. अल्जीरियात इस्लामिक साल्व्हेशन फ्रंट या पक्षाने १९९० च्या स्थानिक निवडणुका जिंकल्या आणि डिसेंबर १९९१ मध्ये संसदेच्या पहिल्याच फेरीत १८८ जागा मिळवल्या. जानेवारी १९९२ मध्ये लष्कराने निवडणूकच रद्द केली, मार्चमध्ये पक्षावर बंदी आली आणि देश दहा वर्षे यादवीत होरपळला.

दोन्हीकडे पक्ष धार्मिक, दोन्हीकडे विजय मोठा. मग फरक कुठे पडला? कॅलिव्हास यांचे उत्तर असे, की बेल्जियममध्ये आपल्याच बाजूच्या आततायी लोकांना गप्प बसवू शकेल अशी एक वरची सत्ता होती. पोप तेरावे लिओ यांनी बेल्जियमच्या कट्टर कॅथलिकांना घटना मान्य करायला लावले. पोपने डोळे वटारले की विषय संपत असे. अल्जीरियात मात्र पक्षाचे एक नेते अब्बासी मदनी समजुतीची भाषा बोलत आणि दुसरे नेते अली बेलहाज लोकशाहीच मुळात धर्मबाह्य आहे असे जाहीरपणे सांगत. या दोघांपैकी पक्षाचा शब्द कोणता, हे ना मतदाराला ठरवता येत होते, ना लष्कराला. गंमत पाहा : ज्या चर्चच्या एकछत्री रचनेला आपण लोकशाहीविरोधी म्हणतो, तीच तिथे लोकशाहीच्या उपयोगी पडली.

त्यामुळे माझे मत असे, की निवडणुकीत भाग घेतला हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. पुढाऱ्याने दिलेला शब्द त्याच्या मागच्या लोकांकडून पाळून घेण्याची ताकद त्याच्याकडे आहे का, हा उरलेला अर्धा.

हरिपूर रोड (सांगली)

प्राध्यापकसाहेबांचा मुद्दा योग्य आहे, परंतु अल्जीरियाच्या बाबतीत दोष पक्षाच्या रचनेवर टाकणे मला पटत नाही. जिंकलेली निवडणूक हातातून काढून घेतली, तर कोणता पक्ष शांत राहील? मी वकिली करतो, आणि कोर्टात रोज पाहतो, की तारखांवर तारखा पडल्या तरी पक्षकार धीर धरतो, पण निकालच फिरवला गेला आहे असा त्याचा समज झाला, की तो रस्त्यावर हिशेब करायला निघतो.

आपल्या देशातले उदाहरण काश्मीरचे आहे. जमात-ए-इस्लामी तिथे निवडणुका लढवत होती, १९७२ च्या विधानसभेत तिचे पाच सदस्य होते. १९८७ मध्ये ती मुस्लिम युनायटेड फ्रंट या आघाडीतून उतरली, आणि त्या निवडणुकीत मोठी हेराफेरी झाली हे आज जवळपास सर्व बाजू मान्य करतात. श्रीनगरच्या अमीरा कदल मतदारसंघातील पराभूत उमेदवार मोहम्मद युसूफ शाह पुढे सय्यद सलाहुद्दीन या नावाने हिजबुल मुजाहिदीनचा म्होरक्या झाला. त्याने आणि त्याच्या संघटनेने पुढे जे केले त्याचे समर्थन कोणी करू नये, मीही करत नाही. पण मतपत्रिकेवर नाव असलेला माणूस दोन-तीन वर्षांत बंदुकीपर्यंत कसा पोचतो, हे या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

वागणे आणि विचार यांतील फरकासाठी इजिप्त पाहावे. मुस्लिम ब्रदरहूड या तिथल्या धार्मिक संघटनेने २००५ मध्ये अपक्ष म्हणून उमेदवार उभे करून ८८ जागा जिंकल्या. त्या सदस्यांनी संसदेत अभ्यासू प्रश्न विचारले, भ्रष्टाचारावर बोलले, इतर विरोधी पक्षांबरोबर काम केले. मवाळपणाचा दाखला म्हणून अनेकांनी तेव्हा हेच उदाहरण दिले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांच्या पक्षाच्या कार्यक्रमाचा मसुदा बाहेर आला. कायदे तपासण्यासाठी धर्मपंडितांचे मंडळ असावे आणि स्त्री किंवा ख्रिस्ती व्यक्ती राष्ट्राध्यक्ष होऊ नये, असे त्यात होते. म्हणजे सभागृहातले वागणे बदलले होते आणि कपाटातली फाइल जुनीच होती. (त्याच संघटनेतून १९९६ मध्ये काही तरुण नेते बाहेर पडले आणि त्यांनी वसत नावाचा वेगळा, अधिक उदार पक्ष काढला, हेही नोंदवतो.)

२०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोहम्मद मुर्सी ५१.७ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. इतक्या काठावरच्या विजयानंतर दुसऱ्या बाजूला सांभाळून घ्यायला हवे होते, पण नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले निर्णय न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारा जाहीरनामा काढला. जुलै २०१३ मध्ये लष्कराने त्यांना हटवले. कोणी कोणाला मवाळ होऊ दिले नाही, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता येईल, आणि मी तो पैसे घेऊन दोन्ही बाजूंनी करूही शकेन.

पॅनेलवाला (वाळवा तालुका)

सर, वकीलसाहेब, नमस्कार. मी एवढे वाचलेले नाही. परंतु मी स्वतः या प्रश्नातला एक नमुना आहे, म्हणून लिहितो. गावाचे नाव देत नाही.

आमच्या गावात तरुणांचा एक गट होता आणि मी त्यातल्या पुढच्या फळीत होतो. दरवर्षी उत्सवाची मिरवणूक दर्ग्याच्या बोळापुढे थांबवायची आणि तिथेच ढोल जास्त वेळ वाजवायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम होता. त्याला आम्ही धर्मकार्य म्हणत असू. आमच्यामागे पोरे आहेत हे पाहून गावातल्या एका पॅनेलने मला ग्रामपंचायतीला उभे केले. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, गावकी आणि भावकी मिळून पॅनेल होते, हे सर्वांना माहीत आहे.

माझ्या प्रभागात सव्वाआठशे मते होती, आणि त्यांतली दीडशेच्या आसपास त्या बोळातली होती. भावकीची मते दोन घरांत फुटली, तेव्हा पॅनेलप्रमुख म्हणाले, “बोळात गेल्याशिवाय तुझे काही खरे नाही.” मी गेलो. पहिल्याच घरातल्या म्हाताऱ्या चाचांनी मला खाटेवर बसवले, चहा दिला आणि म्हणाले, “मिरवणुकीचं राहू दे बाळा, हे गटार कधी करणार ते सांग.” उंबऱ्याला लागून उघडे गटार वाहत होते. त्या बोळापुढे मी सात वर्षे ढोल वाजवला होता, ते गटार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मी ४१ मतांनी निवडून आलो. वित्त आयोगाच्या निधीतून ते गटार बंदिस्त करून घ्यायला मला चौदा महिने लागले. ग्रामसेवकाच्या, पंचायत समितीच्या आणि ठेकेदाराच्या मागे लागता लागता धर्मकार्याला वेळच उरला नाही, हेही खरे. पुढच्या वर्षी मिरवणुकीच्या बैठकीत मी सांगितले, की या वेळी बोळापुढे थांबायचे नाही. बैठकीत कोणी काही बोलले नाही. घरी जाऊन जेवायला बसलो, तोवर पोरांनी मला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून काढून टाकले होते. नव्या ग्रुपचा अॅडमिन माझाच एक मित्र झाला, आणि मिरवणूक बोळापुढे थांबली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

माझे विचार बदलले का, असे विचाराल तर बऱ्याच बाबतीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. वागणे बदलले. पण सर, मला असे वाटते की “चळवळ मवाळ होते” हे वाक्यच चुकीचे आहे. चळवळ मवाळ होत नाही, ती फुटते. जो निवडणूक लढवतो तो मवाळ होतो आणि त्याची जागा रिकामी झाली की ती घ्यायला दुसरा तयार असतो.

यवतेश्वर (सातारा)

पॅनेलवाले साहेब, आपण वाचलेले नाही म्हणता, पण या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आपण मांडला आहे.

नेमके हेच इस्रायलमध्ये घडले. तिथल्या अरब नागरिकांमधील इस्लामिक मूव्हमेंट ही संघटना १९९६ मध्ये एकाच प्रश्नावर दुभंगली : इस्रायलच्या संसदेची निवडणूक लढवायची की नाही. दक्षिण शाखेने लढवायचे ठरवले, उत्तर शाखेने नाकारले. दक्षिण शाखेचा पक्ष, म्हणजे मन्सूर अब्बास यांचा ‘राआम’ पक्ष, जून २०२१ मध्ये अवघ्या चार जागांच्या बळावर थेट सत्ताधारी आघाडीत गेला. ते सरकार ६० विरुद्ध ५९ मतांनी स्थापन झाले होते, त्यामुळे त्या चारांना सोन्याचा भाव होता. आणि त्यांनी मागितले काय, तर अरब वस्त्यांसाठी निधी, गुन्हेगारीला आळा आणि परवान्याविना बांधलेल्या घरांना वीजजोडणी. आपल्या चाचांचे गटारच म्हणा ना. उत्तर शाखा संसदेबाहेरच राहिली आणि २०१५ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली.

मी वर पोप लिओंचे जे सांगितले, त्याच्याशी हे जुळते. फुटलेल्या दोन तुकड्यांपैकी लोक कोणाच्या मागे जातात, यावर सगळे ठरते. आपल्या गावात गावकीने त्या मुलांना आवरले असते, तर आपला मवाळपणा सगळ्या गटाचा झाला असता.

सतारीची तार (मिरज)

सर्वांचे वाचले. माझी हरकत वेगळी आहे.

दादांना बोळातल्या दीडशे मतांची गरज होती, म्हणून ते बोळात गेले. ती गरज नसती तर? मिरजेत २००९ च्या सप्टेंबरमध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या प्रसंगाचे ते चित्र होते. त्यात कोणाचा किती दोष, यात मी जाणार नाही. मी तेव्हा बारावीत होते आणि मला आठवते ती संचारबंदी : आमच्या गल्लीत दुधाची गाडी तीन दिवस आली नाही आणि समोरच्या तंतुवाद्यांच्या दुकानात अर्धवट कोरलेले भोपळे तसेच पडून होते. आमच्या घराला तो धडा मिळाला, की निवडणूक जवळ आली म्हणजे माणसे शहाणी होतात असे नाही. मते एकगठ्ठा होण्यात कोणाचा फायदा असेल, तर निवडणूक आगीत तेलही ओतते. याच जिल्ह्यात कडेगावला मोहरमच्या उंच ताबुतांच्या भेटी हिंदू आणि मुसलमान मिळून घडवतात, आणि त्या परंपरेमागे कोणतीही निवडणूक नाही.

देशपातळीवर पाहिले तरी तेच दिसते. भाजपला “जहाल धार्मिक चळवळ” या खणात टाकणे अनेकांना मान्य होणार नाही, आणि त्यांचे म्हणणेही विचारात घेण्यासारखे आहे, कारण तो स्थापनेपासून निवडणुकाच लढवत आलेला पक्ष आहे. तरीही अभ्यासक हा युक्तिवाद त्याला लावून पाहतात, म्हणून लिहिते. १९८० मध्ये पक्षाने गांधीवादी समाजवादाची भाषा स्वीकारली आणि १९८४ मध्ये त्याला दोन जागा मिळाल्या. जून १९८९ मध्ये पालमपूर येथे त्याने राममंदिराचा ठराव केला आणि त्याच वर्षी जागा ८५ झाल्या. याचा अर्थ मतांची गरज त्याला मवाळपणाकडे नव्हे, उलट दिशेला घेऊन गेली. पुढे १९९८ मध्ये बहुमतासाठी मित्रपक्ष लागले, तेव्हा मंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय आघाडीच्या कार्यक्रमाबाहेर ठेवले गेले. २०१४ मध्ये २८२ आणि २०१९ मध्ये ३०३ जागा स्वबळावर आल्यावर ते विषय परत आले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० बाबतचा निर्णय झाला. समर्थक म्हणतील, की ही मतदारांना दिलेली उघड आश्वासने होती आणि ती पाळण्यात जहाल असे काही नाही. टीकाकार म्हणतील, की मवाळपणा उधारीचा होता. दोघांचेही ऐकले, तरी एक गोष्ट उरतेच : पक्ष निवडणुकीत दोन्ही काळांत होता. बदलली ती त्याला लागणारी इतरांची गरज.

हरिपूर रोड (सांगली)

ताई, यातच तुर्कस्तान जोडावे. तिथे २००२ मध्ये एर्दोगान यांच्या पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर जवळजवळ दोन तृतीयांश जागा मिळवल्या, कारण संसदेत यायला किमान दहा टक्के मते हवीत या अटीमुळे बाकीचे बहुतेक पक्ष बाहेर राहिले. सुरुवातीला युरोपीय संघाचे दार उघडेल ही आशा होती आणि लष्कराची धास्ती होती, तोवर पक्ष फार जपून चालला.

कोयनाकाठ (कराड)

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, तुर्कस्तानचा विषय काढलात म्हणून माझी एक शंका पुढे ठेवतो, कारण ती तुमच्याच पहिल्या उत्तराच्या विरोधात जाते.

तुमचे म्हणणे असे, की दार बंद केले तर माणूस बंदुकीकडे जातो. पण एर्दोगान यांचा मवाळ पक्ष जन्माला आला तो दार बंद केल्यावर. धार्मिक पक्षाचे पंतप्रधान एर्बाकान यांच्या सरकारला १९९७ मध्ये लष्कराने पायउतार व्हायला लावले, १९९८ मध्ये त्यांच्या पक्षावर न्यायालयाने बंदी घातली आणि त्या राखेतून २००१ मध्ये नवा पक्ष निघाला. ट्युनिशियाचेही तसेच. अन्नहदा या तिथल्या इस्लामी पक्षाच्या लोकांनी १९८९ मध्ये अपक्ष म्हणून निवडणूक लढवली, त्यानंतर त्यांच्यावर वरवंटा फिरला आणि त्यांचे नेते राशिद घन्नूशी दोन दशके लंडनमध्ये राहिले. याच काळात ते इतर विरोधकांशी बोलू लागले. २०११ मध्ये २१७ पैकी ८९ जागा मिळाल्यावर त्यांनी दोन सेक्युलर पक्षांबरोबर सरकार केले, घटनेत शरियतचा आग्रह सोडला, आणि २०१६ च्या अधिवेशनात धर्मप्रसार व राजकारण ही कामे वेगळी केली. काही अभ्यासक तर स्पष्ट म्हणतात, की त्यांना शहाणपण मतपेटीने नव्हे, तुरुंगाने आणि परदेशातल्या वास्तव्याने दिले.

आणि त्या शहाणपणाचे फळ काय? जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसद गोठवली, आणि एप्रिल २०२३ मध्ये घन्नूशींना अटक झाली. इतके मवाळ होऊनही हेच वाट्याला येणार असेल, तर तिथल्या पुढच्या पिढीच्या तरुणाने यातून काय शिकावे?

हरिपूर रोड (सांगली)

शंका रास्त आहे. मी माझे पहिले विधान दुरुस्त करतो. दार बंद केल्यावर माणूस कुठे जातो, हे बाहेर उभे असताना त्याला कोण भेटते यावर अवलंबून असावे. घन्नूशींना लंडनमध्ये इतर विरोधी पक्षांचे लोक भेटले. १९८७ नंतर काश्मीरमधल्या मुलांना सीमेपलीकडे नेणारे भेटले. आपल्या भागातलेच सांगायचे तर वसंतदादा पाटील १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून निसटले आणि पुढे मुख्यमंत्री झाले. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर गेले. पण ही तुलना मी फार ताणणार नाही. ते लढे धार्मिक नव्हते, आणि ज्यासाठी लढले ते स्वातंत्र्य आधीच पदरात पडले होते. ट्युनिशियातल्या तरुणाच्या पदरात काय पडले आहे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

सतारीची तार (मिरज)

पॅनेलवाले दादा, एक विचारायचे राहिले. ज्या मुलांनी तुम्हाला ग्रुपमधून काढले, त्यांचे पुढे काय झाले?

पॅनेलवाला (वाळवा तालुका)

ताई, तिघे पुढे होते. त्यांतले दोघे पुढच्या निवडणुकीला समोरच्या पॅनेलमधून माझ्याविरुद्धच उभे राहिले. प्रचारात त्यांनी मिरवणुकीचा शब्द काढला नाही. बोळात जाऊन, मी केलेले गटार पावसात तुंबते असे सांगत फिरले, आणि ते तुंबते, हे खरे आहे. मी सतरा मतांनी पडलो.

तिसरा उभा राहिला नाही. त्याचा ग्रुप अजून आहे. माझा पुतण्या त्यात आहे, तो सांगतो की आता शेजारच्या चार गावांतली पोरेही त्यात आली आहेत.